पत्रा आपला, कटिंग मात्र वाळूजचं?

'बीड जिल्हा' म्हटलं की बाहेरच्या मित्रांच्या डोळ्यांपुढे दुष्काळ येतो, ऊसतोड येते, राजकारण येतं. फार तर सीताफळ. "तुमच्याकडे इंडस्ट्री काय आहे रे?" हा प्रश्न इंटर्नशिपला पुण्याकडे गेलेल्या आपल्यापैकी प्रत्येकानं ऐकला आहे आणि बहुतेकांनी तो हसून टाळला आहे. टाळायचं कारण नाही. आपल्याकडे फॅब्रिकेशन आहे. केज, माजलगाव, गेवराई, परळी, अंबाजोगाई, कुठल्याही गावात शिरा, रस्त्याच्या कडेला वेल्डिंगचा निळा उजेड दिसतोच. ग्रिल, गेट, शटर, धान्याच्या कोठ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, उसाच्या टायरगाड्या, सायकल कोळपी, पेरणी यंत्रांची दुरुस्ती. याला इंडस्ट्री म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

मात्र या दुकानांचं एक दुखणं आहे आणि ते वेल्डिंगचं नाही, कटिंगचं आहे. इथलं काम पाच नग, दहा नग, कधी एकच नग असं येतं. सोयाबीनच्या मळणी यंत्राची चाळणी फाटली. कुणाला पेरणी यंत्राची बियाण्याची चकती वेगळ्या भोकांची हवी, कारण हरभऱ्याचं अंतर वेगळं आणि मक्याचं वेगळं. कुणाला मोटारीच्या स्टार्टरसाठी वेगळ्या मापाची पेटी हवी. दहा नगांसाठी प्रेसची डाय बनवणं म्हणजे लग्नापेक्षा बँड महाग. मग खडूनं आखायचं, गॅस कटरनं किंवा ग्राइंडरनं कापायचं, ड्रिलनं भोकं पाडायची, कानस मारत बसायचं. भोक दोन मिलिमीटर सरकलं की नट-बोल्ट बसत नाही, मग तेच भोक गॅसनं मोठं करायचं. ज्याला खरंच अचूक तुकडा हवा असतो तो सव्वाशे किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला, वाळूज नाहीतर चिकलठाण्याला माणूस पाठवतो. तिथला लेसर जॉबवाला आधी मोठ्या कंपन्यांची ऑर्डर कापतो, आपले दहा नग सवडीनं.

म्हणून लहान आकाराचं फायबर लेसर मशीन हा आपल्या जिल्ह्याचा विषय आहे, असं माझं मत आहे.

लेसर म्हणजे काहीतरी जर्मन-जपानी, असा आपला समज असतो. धातू कापायला कित्येक वर्षं जो कार्बन डायऑक्साइड लेसर वापरला गेला, तो १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. हे पटेल जन्मले बारामतीत, १९३८ साली, आणि इंजिनिअर झाले पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात! दर दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या गाड्या ज्या भागाकडे जातात, त्याच भागात हा माणूस जन्मला. असो. पुढे १९६७ साली इंग्लंडमध्ये पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी लेसरच्या झोताबरोबर ऑक्सिजन सोडून पोलाद कापून दाखवलं. यात लोखंड नुसतं वितळत नाही, ऑक्सिजनमध्ये जळतं आणि त्या जळण्याची उष्णता कापायच्या कामी येते. आपला गॅस कटरवाला हेच करतो, फक्त त्याची चीर जाड असते आणि लेसरची एक-दोन दशांश मिलिमीटरची.

जुनी मशीन मात्र आपल्या आवाक्यातली नव्हती. तिचे आरसे जुळवत बसावं लागायचं आणि घेतलेल्या विजेच्या दहावा हिस्सा जेमतेम प्रकाशात उतरायचा. फायबर लेसरमध्ये प्रकाश काचेच्या तंतूतच तयार होतो आणि केबलमधून थेट कटिंग हेडपर्यंत येतो. त्याची तरंगलांबी जुन्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी, साधारण १.०७ मायक्रॉन, आणि धातू ती जास्त चांगली शोषतात. विजेचा पाव ते एक तृतीयांश भाग कामी येतो. त्यामुळेच आज एक-दीड किलोवॅटचं, शटरमधून आत जाईल असं मशीन मिळू लागलं आहे.

आता हिशोब. समजा मशीन, चिलर, स्टॅबिलायझर धरून १५ लाख लागले. १० टक्के व्याजानं ५ वर्षांचं कर्ज घेतलं तर महिन्याचा हप्ता जवळपास ३२ हजार. महिन्याला २५ दिवस काम धरलं तर रोजचे १,२८० रुपये. मशीन आठ तास चाललं तर तासाला १६० रुपये पडतात, दोनच तास चाललं तर ६४०. वीज, गॅस, नोझल, माणसाचा पगार वेगळाच. आणि गोम इथंच आहे. दीड किलोवॅटचं मशीन ३ मिलिमीटरचा पत्रा मिनिटाला दोन-तीन मीटर वेगानं कापतं. आपल्याकडच्या एका दुकानाचं दिवसभराचं कटिंग ते अर्ध्या-पाऊण तासात संपवेल. उरलेला दिवस मशीन काय करणार? हप्ता मात्र झोपत नाही.

त्यामुळे 'तरुणांनो, कर्ज काढा, लेसर घ्या, उद्योजक व्हा' असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांशी माझं जमत नाही. पीएमईजीपीत २०२२ साली उत्पादन उद्योगाची मर्यादा २५ लाखांवरून ५० लाख झाली, ग्रामीण भागाला अनुदानही चांगलं दिलं गेलं, हे खरं. पण अनुदानानं मशीन येतं, काम येत नाही. एका दुकानाचा हा घासच नाही. वीस-पंचवीस दुकानं मिळून तालुक्याला एक मशीन, हेच गणित बसतं. वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर याच सामाईक सुविधेच्या कल्पनेवर उभं राहिलं. बीडला २०२५ साली टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहकार्यानं कौशल्य केंद्र जाहीर झालं, ते चांगलंच. पण तिथं फक्त सर्टिफिकेट न मिळता केजच्या वेल्डरला सकाळी पत्रा देऊन संध्याकाळी तुकडे मिळावेत, एवढंच आपलं मागणं असावं.

विकणारा सेल्समन काही गोष्टी सांगत नाही, त्या आपण सांगायला हव्यात. आठ बाय चार फुटी पत्रा लहान बेडवर बसत नाही, आधी शिअरिंगवर कापावा लागतो. लेसर फक्त सपाट तुकडा देतो. पेटी करायची तर बेंडिंग मशीन हवंच, नाहीतर अचूक तुकडा पुन्हा हातोड्यानं वाकवून वाट लावायची. स्टेनलेस स्टीलची कड चकचकीत हवी तर नायट्रोजन मोठ्या दाबानं लागतो आणि सिलिंडर बघता बघता रिकामा होतो. पातळ पत्र्याला कॉम्प्रेसरची हवा चालते, पण ती कोरडी आणि तेलविरहित पाहिजे, नाहीतर लेन्स गेली म्हणून समजा.

सगळ्यात गंभीर गोष्ट डोळ्यांची. वेल्डिंगचा उजेड निदान दिसतो, फायबर लेसरचा दिसत नाही. तो बुबुळातून थेट दृष्टिपटलावर जातो. स्वस्तात म्हणून बिनझाकणाचं मशीन आणून पितळ किंवा ॲल्युमिनियम कापायला घेतलं आणि किरण उलटला तर दवाखान्यात जाऊनही उपयोग नाही. वेल्डिंगचा काळा चष्मा इथं चालत नाही, त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला लागतो. जस्ताच्या पत्र्याचा धूर निघतो तो वेगळाच. गूळ खाल्ला की धूर उतरतो ही आपल्याकडची समजूत आहे. गुळानं तोंड गोड होतं, धूर बाहेर काढायला पंखाच लागतो. पूर्ण झाकलेलं मशीन दोन पैसे महाग मिळालं तरी तेच घ्यावं.

"यानं ग्राइंडरवाल्या पोरांचं काम जाईल ना?" असं एका मित्रानं विचारलं. प्रश्न बरोबर आहे. काही कापाकापी जाईल. पण आपल्या दुकानांत सहसा कामाची ऑर्डर नको म्हणावी लागते ती माप जमत नाही म्हणून, माणसं जास्त झाली म्हणून नाही. जोडायला, वाकवायला, बसवायला हात लागणारच. आणि कानस मारणाऱ्या पोरानं ड्रॉइंग वाचायला शिकावं, यात त्याचं नुकसान काय?

ड्रॉइंगवरूनच आपला विषय येतो. दुकानदार लेसरवाल्याकडे डीएक्सएफ फाईल घेऊन येत नाही, झिजलेला तुकडा किंवा पुठ्ठ्यावर काढलेला नमुना घेऊन येतो. तो मोजायचा, झीज किती ते ओळखायचं, भोकांची मापं ठरवायची, पत्र्यावर तुकडे असे मांडायचे की भंगार कमी निघेल. हे काम मशीन करत नाही. हे आपण चार वर्षं शिकतो आणि व्हायवा झाला की विसरतो. बऱ्याच कॉलेजांत ॲक्रिलिक कापणारा छोटा लेसर आहे, त्यावर पाहुण्यांची स्मृतिचिन्हं तेवढी निघतात!

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी दरवर्षी आपण बाजारातून मॉडेल आणून रंग मारतो. त्याऐवजी चौघांच्या गटानं एक दुकान धरावं. महिनाभर तिथं येणारा प्रत्येक नमुना मोजावा, त्याची फाईल करावी, किती नग, किती जाडी, किती मीटर कटिंग याची वही ठेवावी. अशा दहा दुकानांच्या वह्या एकत्र केल्या की तालुक्याचं मशीन दिवसाला किती तास चालेल हे कळेल. ती वही घेऊनच बँकेत नाहीतर जिल्हा उद्योग केंद्रात जाता येईल. आपल्या गटानं दोन दुकानदारांशी बोलणी केली आहेत. एकानं विचारलं, "पोरांनो, चहाचे पैसे कोण देणार?" ते ठरायचं आहे. ज्यांना यायचं त्यांनी वर्कशॉपच्या दारावरच्या कागदावर नाव लिहावं, आणि व्हर्निअर घरून आणावा.