ठळक, अरुंद, तिरपे : एका अक्षरवळणाची मर्यादा

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात संहितेच्या आशयाची आणि भाषाशैलीची चर्चा पुष्कळ होते. ती संहिता ज्या अक्षरवळणात वाचकापुढे येते, त्याचा विचार मात्र मुद्रकावर सोपविला जातो. संगणकावर प्रबंध सिद्ध होऊ लागल्यापासून ही विभागणी टिकलेली नाही. पूर्वी खिळे जुळविणारा जो निर्णय घेत असे, तो आता अभ्यासकच घेतो. एक कळ दाबली की शब्द ठळक होतो, दुसरी दाबली की तिरपा. परिणामी ठळक, अरुंद आणि तिरपे असे एकवटलेले वळण उपशीर्षकांत, अवतरणांत, क्वचित विवेचनाच्या ओघातही दिसू लागले आहे. ते तेथे असावे काय, हा प्रश्न केवळ दर्शनी सौंदर्याचा नव्हे.

हे वळण रोमन लिपीत घडले आणि तेथे त्याला इतिहास आहे. तिरपे अक्षर मुळात जोर देण्यासाठी जन्माला आलेच नाही. व्हेनिसच्या आल्डुस मानुटियुसने १५०१ मध्ये व्हर्जिलचे काव्य छोट्या आकारात छापले, ते संपूर्ण तिरप्या अक्षरांत. फ्रांचेस्को ग्रिफोने ते खिळे तत्कालीन विद्वानांच्या जलद हस्ताक्षरावरून कोरले होते. टोकांचे फाटे गाळलेले ‘सॅन्स-सेरिफ’ अक्षर इंग्लंडात विल्यम कॅझलन चौथा याच्या नमुनापुस्तकात १८१६ मध्ये अवतरले आणि पुढे जाहिरातींत रुळले. आद्रियाँ फ्रूटिगरच्या ‘युनिव्हर्स’ या १९५७ च्या अक्षरकुलात हे सारे गुण क्रमांकांनी बांधले गेले. त्यातील ६८ हा क्रमांक ठळक, अरुंद व तिरप्या वळणाचा : पहिला अंक जाडी सांगतो, दुसरा रुंदी आणि कल. महत्त्वाचे हे की, उभे अक्षर नुसते कलवून तेथे काम भागविलेले नाही; प्रत्येक वळण स्वतंत्रपणे रेखाटलेले आहे. थोड्या जागेत मोठा मजकूर दुरून दिसावा, त्यात गतीचा भास असावा, हे त्याचे प्रयोजन. भित्तिपत्रक, वृत्तपत्रीय मथळा, वस्तूचे वेष्टन ही त्याची स्वाभाविक क्षेत्रे होत.

देवनागरीत हेच गुण जसेच्या तसे उतरविले की अडचणी सुरू होतात. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांतील भेद शिरोरेषेतील लहानशा फटीवर बराच अवलंबून असतो. रेघ जाड आणि अक्षर अरुंद झाले की ती फट बुजू लागते. ‘द्ध’, ‘ष्ट’, ‘ङ्ग’ यांसारख्या एकाखाली एक रचलेल्या जोडाक्षरांतील पोकळ्या भरून जातात. अक्षरे फार जवळ आली की ‘रव’ आणि ‘ख’ यांचा जुना घोळ पुन्हा उभा राहतो. त्यातच बहुधा तिरपेपणा रेखाटलेला नसतो. संगणकाने उभे अक्षर यांत्रिकपणे ढकललेले असते. ज्या ठिकाणी वाचकाने थांबून नीट वाचावे अशी अपेक्षा असते, नेमके तेथेच वाचन अवघड होते.

याहून मूलभूत मुद्दा भाषेचा आहे. इंग्रजी लेखक जोर दाखविण्यासाठी शब्द तिरपा करतो, कारण त्या भाषेत पदक्रम बराचसा बांधलेला आहे. मराठीत ‘त्यानेच सांगितले’ आणि ‘त्याने सांगितलेच’ यांतील भेद ‘च’ हे एकच अक्षर करते. ‘ही’, ‘तर’, ‘मात्र’ आणि लवचीक पदक्रम उरलेले काम करतात. ग्रंथनामांचेही तसेच. ‘एमएलए’च्या २००९ मधील सातव्या आवृत्तीने ती तिरप्या अक्षरांत छापण्याचा नियम घालून दिला; मराठीत एकेरी अवतरणचिन्हांची रूढी आधीपासून आहे आणि ती पुरेशी आहे.

अवतरणांच्या बाबतीत तर प्रश्न संहितानिष्ठेचा होतो. जुन्या पोथ्यांत पुष्कळदा शब्दही सुटे केलेले नसत. अशा परंपरेतील ओवीचा एखादा शब्द ठळक छापला जातो, तेव्हा अभ्यासकाचा अन्वयार्थ संहितेच्या पोटात शिरतो. तसे स्पष्टपणे नोंदविले नाही, तर पुढील वाचक तो जोर मूळ कवीचाच समजण्याचा धोका राहतो.

यावर असा आक्षेप संभवतो की, लिपीने नवी रूपे स्वीकारली पाहिजेत. तो रास्त आहे. नाटकांच्या जाहिरातींतील कमल शेडगे यांच्या अक्षरांनी मराठी अक्षर किती बोलके होऊ शकते, हे दाखवून दिले. पण ती अक्षरे त्या त्या नाटकासाठी हाताने घडविलेली होती. शिवाय तिरप्या रोमन अक्षराचा उगम जलद हस्ताक्षरात असेल, तर मराठीतील त्याचे नाते कलविलेल्या बाळबोधीशी नसून मोडीशी आहे. विल्यम कॅरेचा १८१० चा मराठी कोश मोडी खिळ्यांनीच छापला गेला, आणि २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्येही स्थान आहे. वेगळ्या वळणाची खरोखरच गरज वाटत असेल, तर अक्षररचनाकारांनी तेथे शोध घ्यावा.

तोवर ठळक, अरुंद, तिरपे अक्षर भिंतीवर आणि मथळ्यात शोभेल. शोधनिबंधाच्या पानावर उपशीर्षकाला उभे ठळक अक्षर पुरे, ग्रंथनामाला अवतरणचिन्ह पुरे, आणि विधानाला लागणारा जोर वाक्यरचनेतूनच यावा. विभागांनी प्रबंधलेखनाचे नियम ठरविताना इंग्रजी नियमावलीचा अनुवाद न करता एवढे मराठीपुरते ठरवून दिले, तरी पुष्कळ साधेल.