डेअरिंग म्हणजे नक्की काय?

हॉस्टेलवर सध्या ‘डेअरिंग’ या शब्दाला फार भाव आलाय. रात्री बारानंतर हायवेवरच्या ढाब्यापर्यंत बाईकची रेस, हरेल त्याने सगळ्यांचं बिल भरायचं. गेल्या महिन्यात मागच्या सीटवर मीही होतो. वळणावर खडी पसरलेली. मला चार टाके, रूममेटचा पाय अजून प्लास्टरमध्ये. तरी मेसमध्ये तो हिरो! (मी कॉन्व्हेंटवाला, शुद्धलेखन सांभाळून घ्या.)

पडल्या पडल्या मी जिमी डूलिटलबद्दल वाचलं. अमेरिकन आर्मीचा पायलट. १९४२ च्या टोकियोवरच्या हल्ल्यामुळे प्रसिद्ध, पण मला आवडला तो त्याआधीचा, रेसवाला. १९२५ साली त्याने बाल्टिमोरला श्नायडर ट्रॉफी जिंकली. रेस पाण्यावरच्या विमानांची, आणि जिंकला आर्मीवाला! नेव्हीचे दोघे इंजिनाने दगा दिल्यामुळे बाद झाले. त्याच वर्षी त्याने एमआयटीतून डॉक्टरेटही घेतली. झटक्यात वर खेचलं तर विमानाच्या पंखांवर किती भार येतो, हे त्याने स्वतः उडवून मोजलं होतं. आपण प्रॅक्टिकलची रीडिंग्ज कशी ‘मोजतो’ ते जाऊ दे.

१९२९ मध्ये झाकलेल्या कॉकपिटमधून, फक्त यंत्रं बघून, त्याने टेकऑफ ते लँडिंग सगळं केलं. तरी पुढच्या सीटवर दुसरा पायलट होताच. आम्ही त्या रात्री साधं हेल्मेट घातलं नव्हतं.

मग १९३२ ची थॉम्पसन ट्रॉफी. विमान जी बी आर-१: पुढे ८०० हॉर्सपॉवरचं इंजिन, मागे शेपटीला चिकटलेलं कॉकपिट, पंख नावापुरते. रेसआधी त्याने ते उंचावर नेऊन वळणं घेऊन बघितली. ते गरकन दोनदा उलटंपालटं झालं! खाली असता तर संपलाच असता. रेसमध्ये ताशी सुमारे ४०६ किलोमीटरच्या सरासरीने तो पहिला आला, आणि त्यानंतर त्याने रेसिंगच सोडलं. पुढच्याच वर्षी त्याच विमानात रसेल बोर्डमन गेला.

आता याला फट्टू म्हणायची कोणाची हिंमत आहे? माझ्या मते त्याची खरी डेअरिंग म्हणजे जिंकल्यावर थांबणं. हे रूममेटला सांगितलं, तर म्हणतो, ‘विमानाचं वेगळं रे.’ वेगळं कसं? खडीवर टायर घसरतो तेव्हा घर्षणाचा नियम बाईकला सूट देतो काय?

परवा त्याचं प्लास्टर निघणार. बाईकची चावी माझ्या कपाटात आहे. दोनदा मागून झाली, अजून दिलेली नाही.