दोन जिने आणि मामा

‘फिटनेस घेऊन या.’ ऑपरेशनच्या आधी सर्जन हे वाक्य इतक्या सहज टाकतात, की वाटावं, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे मिळत असेल. ईसीजी काढायचा, रक्त-लघवी तपासायची, फिजिशियनची सही घ्यायची. झालं फिटनेस! माझाही समज हाच होता, मामांच्या हर्नियापर्यंत.

मामा दारव्ह्याचे, म्हणजे आमचा यवतमाळ जिल्हा. वय त्रेसष्ट, शुगरची गोळी चालू आणि खिशात खर्ऱ्याची पुडी. पोटावर जुन्या ऑपरेशनच्या जागी मोठा हर्निया झालेला. तो दुर्बिणीतून नाही, पोट उघडूनच दुरुस्त करावा लागणार होता. मामींचा फोन आला, ‘तू ये बाई, यांचं डोकं तुझ्याशीच चालते.’ मग काय, पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये कुडकुडत सकाळी यवतमाळ गाठलं.

फिजिशियन तरुण होते. रिपोर्ट चाळले, ईसीजी पाहिला, नॉर्मल. मग सहज विचारावं तसं विचारलं, ‘काका, न थांबता दोन जिने चढता का?’

‘चढतो ना! रोज वावरात जातो. मले काई होत नाही.’

डॉक्टर लिहायला लागले आणि मला घाम फुटला. कारण मामांच्या घराला जिनाच नाही. बैठं घर, पुढे अंगण. वावरात जातात हे खरं, पण फटफटीवर. बांधावर उभं राहून गड्यांना हाका मारायच्या आणि परत. आदल्या दिवाळीत ते पुण्याला आले होते तेव्हा आमची लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्यावर यायचं होतं, पण मामा दुसऱ्याच मजल्यावर पायरीवर बसले. म्हणाले, ‘तुमच्या पुण्याची हवा जड आहे वो.’ तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

आता सांगायचं की गप्प बसायचं? चारचौघांत मोठ्या माणसाला खोटं पाडायचं, तेही आपल्याला खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलेल्या मामांना! पण तोंडातून निघून गेलं, ‘मामा, पुण्यात दुसऱ्या मजल्यावर बसला होतात ना?’

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं परतीचं तिकीट आजच काढावं. डॉक्टरांनी मात्र पेन खाली ठेवलं.

दोन जिन्यांचा हा फंडा काय, ते नंतर कळलं. शांत बसलेलं असताना शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं, त्याला ‘एक मेट’ म्हणतात. न थांबता दोन जिने चढायला साधारण चार मेट लागतात. मोठ्या ऑपरेशननंतर जखम भरायची असते, अंगात दाह असतो, दुखणं असतं. शरीराची ऑक्सिजनची मागणी वाढते आणि ती एका तासापुरती नाही, काही दिवस टिकते. तेवढे दिवस हृदयाला जादा काम करावं लागतं. ज्याच्याकडे शिल्लक ताकद आहे ते हृदय निभावून नेतं. ज्याच्याकडे नाही, त्याची गाडी घाटात गरम होते.

आणि ईसीजी? तो तुम्ही आडवे पडलेले असताना काढतात. गाडी पार्किंगमध्ये नीट सुरू होते म्हणून ती घाट चढेलच असं थोडंच आहे?

ऑस्ट्रेलियात पॉल ओल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हेच दाखवलं. मोठ्या ऑपरेशनआधी साठीपुढच्या १८७ जणांना सायकल मारायला लावली आणि त्यांचा ऑक्सिजनचा वापर मोजला. शरीराला ऑक्सिजन पुरेनासा होण्याचा टप्पा ज्यांच्यात फार लवकर आला, त्यांच्यापैकी १८ टक्के लोक ऑपरेशननंतर हृदयाच्या कारणांनी दगावले. बाकीच्यांत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं.

पण डॉक्टरांना माणूस बघून कळत नाही का? तिथेच गंमत आहे. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास आला. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधले १,४०१ पेशंट. डॉक्टरांनी आधी नुसता अंदाज केला, मग खरी चाचणी झाली. चार मेट न जमणाऱ्यांपैकी जेमतेम १९ टक्के लोक डॉक्टरांच्या अंदाजात सापडले. म्हणजे पाचातले चार सुटले! त्यापेक्षा घरकाम, चालणं, जिने असे ठरावीक बारा प्रश्न विचारणारी साधी प्रश्नावली उपयोगी ठरली. अर्थात, उत्तरं खरी दिली तर. आमच्या मामांसारखी नाही.

मामांना कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं. धाप लागली. पुन्हा तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन कमी, बीपी जास्त. भूलतज्ज्ञ मॅडमनी ‘आ करा’ म्हटलं, तर तोंड जेमतेम दोन बोटं उघडलं. ही खर्ऱ्याची कृपा. यवतमाळात खर्ऱ्याला कोणी व्यसन मानतच नाही, तो तर पाहुणचार! पण सुपारी-तंबाखूने गालाच्या आतली कातडी ताठरते, तोंड उघडेनासं होतं आणि भूल देताना श्वासाची नळी घालणं अवघड होऊन बसतं.

मॅडम म्हणाल्या, ‘हर्निया आज अडकलेला नाही. घाई नाही. सहा आठवडे द्या मला.’

मामा चिडले. सोयाबीन काढून झालं होतं, कापूस वेचायचा होता, त्यात पोरीने घोळ घातला. आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मामी मात्र रोज व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट देत होत्या. पट्टा बांधून सकाळी चालणं सुरू. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग पंधरा, मग अर्धा तास. लोहाच्या गोळ्या, बीपीची गोळी, जेवणात डाळ-अंडी. फुंकर आत ओढून तीन गोळे वर उचलायचं ते प्लास्टिकचं खेळणं. आणि खर्रा बंद. हे सगळ्यात अवघड गेलं. मामींच्या भाषेत, ‘घरात वाघ फिरून राह्यला.’

याला आता ‘प्रीहॅब’ म्हणतात. बार्सिलोनात पोटाच्या मोठ्या ऑपरेशनआधी जास्त जोखमीच्या पेशंटांकडून असा सराव करून घेतला. २०१८ मध्ये निकाल आला. सराव न केलेल्यांत ६२ टक्के लोकांना ऑपरेशननंतर काही ना काही गुंतागुंत झाली, सराव केलेल्यांत ३१ टक्के लोकांना.

यवतमाळात वसंतराव नाईकांच्या नावाचं सरकारी मेडिकल कॉलेज १९८९ पासून आहे. तरी मोठं काही निघालं की आपले लोक सेवाग्राम, सावंगी, नाहीतर थेट नागपूर गाठतात. कुठेही जा, चालण्याचा सराव मात्र घरासमोरच्या रस्त्यावरच करायचा असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या रात्री मामांचे ठोके वाढले. आम्ही बाहेर बाकड्यावर, मामींच्या हातात जपमाळ. ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन दिवस हृदयासाठी नाजूक असतात आणि दुखणं कमी करणाऱ्या औषधांमुळे छातीतली कळ पेशंटला जाणवतही नाही, हे मी तोवर वाचून बसले होते. कधी कधी न वाचलेलंच बरं! रात्रभर त्यांना मॉनिटरवर ठेवलं, रक्त तपासलं. सकाळी ठोके ताळ्यावर आले. एक दिवस जास्त ठेवून घरी सोडलं. सहा आठवड्यांआधी तीच रात्र कशी गेली असती, हे मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘ते कुणीच सांगू शकत नाही. पण मला तेव्हा झोप लागली नसती.’

आता तुमचं बोलू. तुम्ही अठ्ठावीसचे, आयटी पार्कात पाचव्या मजल्यावर लिफ्टने जाता. घरी आई-बाबांचं मोतीबिंदूपासून गुडघ्यापर्यंत काहीतरी निघणारच आहे. तेव्हा त्यांच्यासोबत आत जा. ते ‘मला काही होत नाही’ म्हणतील, तेव्हा जे खरं पाहिलंय ते सांगा. भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या दिवशी नाही, आधीच भेटा. चालू असलेली गोळी मनाने बंद करू नका, नवी सुरू करू नका. छातीत दुखत असेल, चालताना चक्कर येत असेल, तर सरावाच्या भानगडीत न पडता आधी डॉक्टर गाठा. आणि इमर्जन्सी सहा आठवडे थांबत नाही. म्हणून तर आधीपासून चालायचं.

गेल्या महिन्यात मामा पुण्याला आले. लिफ्ट चालू होती. ‘मी पायऱ्यांनी येतो,’ म्हणाले. मी मागे मागे. तिसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून थांबलं कोण?

मी.

‘काऊन वो बाई,’ मामा वरून ओरडले, ‘हवा जड आहे काय?’