लेसरचे यंत्र दिसते, परवाना दिसत नाही

नको असलेले केस काढून घेणे ही आता केवळ महानगरांतील सधन वर्गाची हौस राहिलेली नाही. मोबाइलवरील जाहिराती, वर्तमानपत्राच्या घडीतून येणारी पत्रके आणि बसस्थानकाबाहेरील फलक यांनी 'लेसरने केसांपासून कायमची सुटका' हे आश्वासन तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचवले आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातले कडा हे असेच एक गाव. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अहिल्यानगर-न्यू आष्टी रेल्वेमार्गावरचे हे स्थानक. रेल्वेमुळे अंतर कमी झाले, शहरातील सेवा आवाक्यात आल्या, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु कड्याहून शहरात येणारी एखादी विद्यार्थिनी लेसर केंद्राच्या पायऱ्या चढते, तेव्हा ही सेवा देणाऱ्याला तसा अधिकार आहे की नाही, हे तिने कसे ताडून पाहावे? हा प्रश्न कड्यातील मुलीइतकाच पुण्या-मुंबईतील सुशिक्षित ग्राहकालाही लागू पडतो. त्याचे सरळ उत्तर आपल्या कायद्यात सापडत नाही, हीच खरी चिंतेची बाब आहे.

मुळात सर्वच पद्धती एका मापाने मोजता येणार नाहीत. दोऱ्याने भुवया कोरणे किंवा वॅक्सिंग हे ब्युटी पार्लरचे काम. तेथे स्वच्छता आणि हाताचे कसब महत्त्वाचे. लेसरची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेतील अँडरसन आणि पॅरिश या संशोधकांनी १९८३ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर ही पद्धत उभी आहे. विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश केसातील मेलॅनिन हे रंगद्रव्य शोषून घेते, त्यातून उष्णता निर्माण होते आणि केसाचे मूळ दुखावते. मात्र हेच रंगद्रव्य त्वचेतही असते. गोऱ्या कातडीत ते कमी, आपल्याकडील सावळ्या वर्णात अधिक. म्हणूनच ७५५ नॅनोमीटरचे अलेक्झांड्राइट, ८०० च्या आसपासचे डायोड आणि १०६४ चे एनडी-याग या यंत्रांतून निवड करताना आणि उष्णतेची मात्रा ठरवताना त्वचेचा वर्ण ओळखावा लागतो. हा अंदाज चुकला तर चटके, फोड आणि दीर्घकाळ न जाणारे काळे-पांढरे डाग पदरी पडतात. डोळ्यांवर योग्य आवरण नसेल तर दृष्टीलाही धोका संभवतो. शिवाय हनुवटीवर अचानक वाढलेली राठ लव हे अनेकदा संप्रेरकांच्या बिघाडाचे, विशेषतः पीसीओएसचे लक्षण असते. तेथे आधी निदान हवे, यंत्र नंतर. जाहिरातीतील 'कायमची सुटका' हे शब्दही तपासून घ्यावे लागतील. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या यंत्रांना केसांची 'कायमस्वरूपी घट' एवढाच दावा करण्याची मुभा दिली आहे, समूळ उच्चाटनाचा नव्हे.

इतकी जोखीम असलेल्या या उपचारासाठी महाराष्ट्रात स्वतंत्र परवाना नाही. केंद्राच्या भिंतीवर चौकटीत लावलेला कागद बहुधा दुकाने व आस्थापना कायद्याखालील असतो. २०१७ च्या या राज्य कायद्याने तर छोट्या आस्थापनांना नोंदणीऐवजी केवळ सूचना देणे पुरेसे ठरवले. तो कागद दुकान अस्तित्वात असल्याचे सांगतो, आत काय चालते याची हमी देत नाही. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या संस्थांसाठी आहे. एका खोलीत यंत्र मांडून बसलेले केंद्र त्याच्या कक्षेबाहेर राहते. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत आणि १ एप्रिल २०२० पासून सर्वच उपकरणे त्यांच्या कक्षेत आली. परंतु ते नियम यंत्राची निर्मिती, आयात आणि विक्री यांच्यावर नजर ठेवतात. यंत्र चालवणारा हात कोणाचा, हे ते विचारत नाहीत.

राहता राहिला डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३४ नुसार नोंदणीविना वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण केस काढणे हा 'वैद्यकीय व्यवसाय' की 'सौंदर्यसेवा', या वादाच्या आडोशाला अनेक केंद्रे सुखाने उभी आहेत. आयोगाने २०२२ मध्ये केशरोपणाबाबत मार्गदर्शक सूचना काढताना, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणे हे सौंदर्योपचारांसाठी पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे स्पष्ट केले होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेनेही २००८ मध्ये लेसरने केस कमी करण्याबाबत उपचारसंहिता प्रसिद्ध केली. तथापि संहिता आणि परवाना यांत अंतर असते. संहिता मोडली म्हणून केंद्राला टाळे लागत नाही.

नोंदणीकडे डोळेझाक केल्याचे परिणाम बीड जिल्ह्याने जवळून पाहिले आहेत. परळीच्या डॉ. सुदाम मुंडे यांच्या रुग्णालयात २०१२ मध्ये बेकायदा गर्भपाताच्या वेळी एका महिलेचा मृत्यू झाला. २०१९ मध्ये बीडच्या न्यायालयाने त्यांना दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली. त्यानंतर जामिनावर असताना, परवाना नसूनही रुग्णालय चालवल्याच्या आरोपावरून सप्टेंबर २०२० मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली. ते प्रकरण अर्थातच कितीतरी अधिक गंभीर होते. लेसर केंद्रांशी त्याची बरोबरी करण्याचे कारण नाही. परंतु पदवी एकदा मिळते, नोंदणी मात्र रद्द होऊ शकते, आणि ती चालू आहे का हे दारात आलेला रुग्ण सहसा विचारत नाही, एवढा धडा त्यातून निश्चित घेता येतो.

परदेशातही हा प्रश्न सहजी सुटलेला नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्याने २००९ मध्ये कायदा करून लेसर केंद्राला परवाना आणि यंत्र चालवणाऱ्याला श्रेणीनिहाय प्रमाणपत्र बंधनकारक केले. इंग्लंडने नेमकी उलटी वाट धरली. तेथे २०१० मध्ये अशा केंद्रांवरील राष्ट्रीय पातळीचे नियंत्रण काढून घेण्यात आले, आणि २०२२ च्या आरोग्य कायद्यात सौंदर्योपचारांसाठी परवाना पद्धत आणण्याचा अधिकार सरकारला पुन्हा घ्यावा लागला. सैल सोडलेली दोरी पुन्हा आवळणे किती जिकिरीचे असते, हे यावरून दिसते.

कायदा होईपर्यंत ग्राहकाने काय करावे? भिंतीवरचा कागद पाहून समाधान न मानता चार गोष्टी विचाराव्यात. उपचाराची जबाबदारी कोणत्या डॉक्टरची आणि त्यांचा नोंदणी क्रमांक काय? ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते. आयुर्वेद व होमिओपॅथीच्या परिषदा स्वतंत्र आहेत. केवळ नाव फलकावर असून ते डॉक्टर प्रत्यक्ष हजर असतात का? यंत्र कोणत्या प्रकारचे आणि आपल्या वर्णाला योग्य आहे का? त्वचेच्या छोट्या भागावर आधी चाचणी घेणार का? आणि शेवटी, पक्के बिल अवश्य घ्यावे. इजा झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, आणि तेथे बिलाइतका बोलका पुरावा दुसरा नाही.

मात्र सगळा भार ग्राहकाच्या चौकसपणावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील बोगस डॉक्टर शोध समित्या कागदावर आहेतच. लेसर केंद्रांची पाहणी त्यांच्या कामात घालायला नव्या कायद्याचीही गरज नाही. त्यापुढे जाऊन, लेसरने केस काढणे हा वैद्यकीय देखरेखीखालचाच उपचार आहे, असे राज्याने निःसंदिग्ध शब्दांत जाहीर करावे आणि केंद्र, यंत्र व चालक या तिन्हींची एकत्र नोंदणी करावी. परवाना तपासून घ्या, असे नागरिकांना सांगण्यापूर्वी तपासता येईल असा परवाना अस्तित्वात असला पाहिजे. तो नाही तोवर कड्याच्या मुलीने कितीही नेमके प्रश्न विचारले, तरी तिला मिळणारे उत्तर केंद्रचालकाच्या सचोटीवरच अवलंबून राहणार.