गाडी भाड्याची, जोखीम कुणाची?

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात संगणकाच्या धंद्यात आहे. स्वतःची छोटी कंपनी, बारा माणसं कामाला. वर्गात असताना वहीच्या शेवटच्या पानावर गाड्यांची चित्रं काढायचा. आता त्याला दोन दारांची, जमिनीला पोट टेकवून पळणारी स्पोर्ट्स कार हवी आहे. रस्त्यावर येईपर्यंत एक कोटीच्या घरात जाणारी. फोनवर त्याने सरळच विचारलं, "सर, बँकेचं कर्ज काढलं तर सूद आलं. लीजवर घेतली तर नुसतं भाडं. मग लीज जायज झालं ना? माझा सीएसुद्धा लीजच घ्या म्हणतो."

हा प्रश्न मला आवडला. आवडला अशासाठी, की हल्ली असा प्रश्नच कुणी विचारत नाही. मोबाईल हप्त्यावर, फ्रिज हप्त्यावर, लग्नाचा हॉलसुद्धा हप्त्यावर, आणि जुम्याच्या बयानात सूदचा विषय निघाला की सगळे मान खाली घालून सतरंजीची नक्षी बघतात. या मुलाने निदान विचारलं तरी. पण त्याच्या प्रश्नात जे उत्तर आधीच बसलेलं आहे, ते मला मान्य नाही. कागदावर 'व्याज' हा शब्द नाही, एवढ्याने व्याज जात नाही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून आधी शब्दाकडे जातो. फिकहमध्ये भाड्याच्या कराराला 'इजारा' म्हणतात. उर्दूतली 'उजरत' म्हणजे मजुरी आणि 'अज्र' म्हणजे मोबदला, हे त्याच धातूतून आलेले. मराठीतही इजारा जुना आहे, महसूल वसुलीचा इजारा, इजारदार हे शब्द इतिहासाच्या पुस्तकात भेटतात. पुढे उर्दूत 'इजारादारी' म्हणजे एकाधिकार झाला आणि मराठीत 'मक्ता' या भाईबंदाची 'मक्तेदारी' झाली. दोन्ही भाषांत भाड्याचा शब्द शेवटी दादागिरीकडे गेला, याची गंमत वाटते. असो.

इजारा म्हणजे नेमकं काय, हे समजायला मोठ्या किताबाची गरज नाही. आपल्या मोहल्ल्यातली भाड्याची रिक्षा बघा. रिक्षा शेठची. चालवणारा रोज ठरलेली रक्कम देतो. गॅस त्याचा, पंक्चर त्याचं. पण इंजिनाचं मोठं काम निघालं, विमा भरायचा आला, पासिंग आलं, तर ते शेठचं. रिक्षा गॅरेजला उभी राहिली तर त्या दिवसाचं भाडं नाही. आणि रिक्षा चोरीला गेली, जळाली, तर नुकसान शेठचं. चालवणारा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शेठकडे जातो. इजारा तो हाच. मालकी ज्याची, जोखीम त्याची, आणि त्या जोखमीच्या बदल्यात भाडं घ्यायचा हक्कही त्याचा. बहारीनमधली आयोफी ही संस्था इस्लामी वित्तव्यवहारांचे मानदंड ठरवते. तिचा नववा शरीआ मानदंड इजाऱ्याचा आहे आणि त्याचा गाभा रिक्षावाल्याच्या व्यवहारापेक्षा फार वेगळा नाही. मोठी दुरुस्ती मालकाची, विम्याची जबाबदारी मालकाची, वस्तू पूर्ण नष्ट झाली तर करार संपला.

आता हीच फूटपट्टी लीजच्या कागदाला लावा. हिशेबाच्या शास्त्रात लीजचे दोन प्रकार मानतात. एक ऑपरेटिंग लीज, यात मुदत संपली की गाडी कंपनीला परत. तिची किंमत अपेक्षेपेक्षा जास्त घसरली तर ती कंपनीची डोकेदुखी. दुसरं फायनान्स लीज. यात नाव भाड्याचं असतं, पण गाडीची जवळजवळ सगळी किंमत आणि वर वित्तपुरवठ्याचा खर्च भाड्यातून वसूल होतो. विमा तुम्ही भरायचा, दुरुस्ती तुमची, गाडी दोन महिने वर्कशॉपमध्ये असली तरी भाडं चालू, आणि मध्येच सोडली तर उरलेल्या हप्त्यांचा मोठा भाग भरा. गाडी कंपन्यांच्या 'ठरलेल्या किमतीला परत घेऊ' अशा योजनाही असतात. त्यातल्या बऱ्याच मुळात कर्जच असतात, फक्त मुद्दलाचा मोठा तुकडा शेवटच्या हप्त्यात ढकललेला. हप्ता लहान दिसतो म्हणून माणूस खूश, पण शेवटपर्यंत न फिटलेल्या त्या तुकड्यावर व्याज चालूच राहतं.

म्हणून मी त्याला सांगितलं, बेटा, मुफ्तीसाहेबांकडे जायच्या आधी लीज कंपनीच्या माणसाला एकच प्रश्न विचार. उद्या गाडी झाडावर आदळून भंगार झाली आणि विम्याची रक्कम कमी पडली, तर फरक कोण भरणार? याचं उत्तर 'तुम्ही' असं आलं, तर मालकी कागदावर कंपनीची आणि जोखीम तुझी. मग ते भाडं नाही, कर्ज आहे. उशीर झाला तर दंड किती, आणि तो कुणाच्या खिशात जातो, हेही विचार. उशिराचा दंड कंपनीच्या नफ्यात जात असेल तर तो सूदच, त्याला 'चार्जेस' म्हणा नाहीतर आणखी काही. सूरह बकराची २८२वी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिण्याचा हुकूम ज्यांना आहे, त्यांनी निदान लिहिलेलं वाचावं तरी!

सीएचा सल्ला ही वेगळी बाब आहे, ती धर्मात मिसळू नये. त्याचं गणित असं: कंपनीने गाडी विकत घेतली तर आयकरात घसारा साधारण वर्षाला १५ टक्के, तोही दरवर्षी कमी होत जाणाऱ्या किमतीवर. लीजचं भाडं मात्र धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतं. पण दोन आसनांची गाडी सॉफ्टवेअरच्या धंद्याला कशी लागते, हे आयकर अधिकाऱ्याने विचारलं तर? भाड्यावर जीएसटी लागतो आणि अशा मोटारींवरच्या जीएसटीचं क्रेडिट अशा धंद्याला सहसा मिळत नाही. सप्टेंबर २०२५पासून मोठ्या मोटारींवर हा दर ४० टक्के आहे. शिवाय महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या वीस लाखांवरील पेट्रोल गाडीला रस्ता कर १३ टक्के, तर कंपनीच्या नावावर असेल तर २० टक्के. परदेशातून तयार येणारी गाडी असेल तर २० टक्के तसेही लागतात, आणि स्पोर्ट्स कार बहुधा तशाच येतात. तेव्हा 'लीजमध्ये कर वाचतो' हे वाक्य ऐकून लगेच सही करू नये.

आणि कर्ज? एक कोटीतले वीस लाख रोख भरले, ऐंशी लाख पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले, असं धरू. हप्ता महिन्याला सुमारे १ लाख ६६ हजार. पाच वर्षांत जवळपास ९९ लाख ६० हजार जातात. म्हणजे साडेएकोणीस लाखांहून जास्त निव्वळ व्याज. त्याच पाच वर्षांत गाडीचं काय होतं? विमा कंपन्या घसारा मोजतात त्या तक्त्यात सहा महिन्यांनंतर १५ टक्के, दुसऱ्या वर्षात २०, मग ३०, ४० आणि पाचव्या वर्षात ५० टक्के किंमत वजा होते. बाजारभाव वेगळा असू शकतो, पण दोन आसनांच्या गाडीला जुन्या बाजारात गिऱ्हाईक मुळातच कमी. रस्ता कर आणि विम्याचे पैसे तर पहिल्याच दिवशी गेले. वाढत्या व्याजाने घटणारी वस्तू घ्यायची, हे धर्म बाजूला ठेवला तरी मला पटत नाही.

त्याचा आतेभाऊ दुबईत असतो. तो म्हणतो, इकडे इस्लामी बँक आहे, मुराबहा आहे, काही भानगड नाही. खरं आहे, तिथे सोय आहे. बँक गाडी आधी स्वतः घेते आणि ठरलेला नफा लावून तुम्हाला विकते. अमिरातीत मोटारीसाठी किमान २० टक्के रक्कम स्वतःची लागते आणि मुदत जास्तीत जास्त ६० महिने. आपल्याकडे २००८मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. २०१७मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय सांगितला. तेव्हा आपल्याकडे ती वाट नाही. पण दुबईचं उदाहरण देणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन, की जायज पद्धतीने घेतलेलं देणंही देणंच असतं. नोकरी गेली की मुराबह्याचा हप्ताही गळ्याशी येतो.

आता इस्राफचा मुद्दा. काही मंडळी गाडीचं नाव काढताच फजूलखर्चीची आयत सुनावतील. मी सुनावणार नाही. चांगली सवारी ही माणसाच्या सुखातली एक गोष्ट, असं हदीसमध्ये आलं आहे. हलालची कमाई आहे, जकात निघते, आईवडिलांचं बघतो, मग त्याने छान गाडीत बसू नये असं म्हणणारे आपण कोण? आपल्याकडे मुसलमान पोराने मोठी गाडी घेतली की बाहेरचे विचारतात पैसा कुठून आला, आणि आतले विचारतात दीन कुठे गेला. दोघांचाही मला कंटाळा आहे. सच्चर समितीने २००६मध्ये नोंदवलं होतं की काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांचे भाग 'नकारात्मक' ठरवून ठेवले आहेत. ज्या मोहल्ल्यात रिक्षासाठी कर्ज मिळत नव्हतं, तिथल्या पोराच्या दारात गाडी विकणारे उभे राहतात, याचं मला वाईट नाही, बरंच वाटतं.

माझी हरकत वेगळी आहे. त्या कंपनीत बारा माणसं आहेत. परदेशातलं एक गिऱ्हाईक तुटलं तर त्यांचे पगार किती महिने निघतील, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "तीन, सर." मग महिन्याला दीड-पावणेदोन लाखांचं बांधलेलं देणं, भाड्याच्या नावाने असो की हप्त्याच्या, त्या तीन महिन्यांतूनच जाणार. मला विचाराल तर क्रम असा: हौस आठवड्याची असेल तर दोन दिवस भाड्याने घे, लोणावळ्याला जाऊन ये. रोज चालवायचीच असेल तर खरं ऑपरेटिंग लीज, ज्यात गाडी भंगारात गेली तरी कंपनीच रडेल. तसं मिळालं नाही तर रोखीने जुनी. पहिल्या मालकाने घसारा सोसून ठेवलेला असतो. जुन्या गाडीला दुरुस्ती महाग पडते, टायर रुंद आणि महाग, आपल्या गतिरोधकांवर पोट घासतं, हे सगळं खरं. पण ते दुखणं महिन्याच्या पाच तारखेला फोन करून पैसे मागत नाही.

चार दिवसांनी त्याचा मेसेज आला. लीज कंपनीच्या माणसाने विम्याच्या फरकाचं उत्तर दिलं होतं: फरक ग्राहकाने भरायचा, आणि भाडं दुरुस्तीच्या काळातही चालू. खाली त्याने चार वर्षं जुन्या एका गाडीचे फोटो पाठवले होते, निळ्या रंगाची. मी लिहिलं, एकटा जाऊ नकोस, ओळखीचा मेकॅनिक घेऊन जा, आणि आधीच्या मालकाचं कर्ज फिटल्याची नोंद आरसी बुकावर झाली आहे का ते बघ.