निकाल हाती, हक्क मात्र वाऱ्यावर

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपल्याकडे म्हणतात. परंतु पायरी चढून खटला जिंकल्यावरही हाती काहीच पडले नाही, तर? आणि निकाल डावलणारे खुद्द सरकारच असेल, तर दाद कोणाकडे मागायची?

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९७ मध्ये ‘हॉर्न्सबी विरुद्ध ग्रीस’ खटल्यात याचे उत्तर दिले. निकालाची अंमलबजावणी हा न्याय्य सुनावणीच्या हक्काचाच भाग आहे, असे त्याने ठरवले. २००२ मध्ये ‘बुर्दोव विरुद्ध रशिया’ खटल्यात चेर्नोबिलच्या मदतकार्यात किरणोत्साराचा फटका बसलेल्या नागरिकाला भरपाई देण्याचा देशी न्यायालयाचा आदेश निधीअभावी रखडला होता. तिजोरीत पैसा नाही, ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले.

त्यानंतर अशा तक्रारींचा पूर लोटला आणि तडजोडीचा मार्ग पुढे आला. सरकार ठरावीक रक्कम देण्याचे व मूळ निकाल अमलात आणण्याचे वचन देते आणि तक्रार निकाली निघते. तक्रारदार राजी नसला, तरी सरकारने एकतर्फी कबुली दिली आणि ती न्यायालयाला पुरेशी वाटली, तर प्रकरण यादीतून वगळता येते. वर्षानुवर्षे थकलेल्या निवृत्तिवेतनधारकाला यातून दिलासा मिळतो, हे नाकारता येणार नाही.

मात्र प्रत्येक तक्रारदाराला भरपाई देऊन मूळ रोग बरा होत नाही. युक्रेनचा अनुभव हेच सांगतो. २००९ च्या ‘इवानोव’ निकालात न्यायालयाने त्या देशाला प्रभावी देशांतर्गत उपाय उभारण्यास सांगितले. तो उभा राहिला नाही. अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘बर्मिच’ खटल्यात १२ हजारांहून अधिक तक्रारी न्यायालयाने यादीतून काढल्या आणि त्यांचा प्रश्न युरोप परिषदेच्या मंत्रिसमितीकडे सोपवला. हा निर्णय १० विरुद्ध ७ मतांनी झाला. न्यायालयावरील भार उतरला, तक्रारदारांच्या हाती मात्र प्रतीक्षाच उरली.

आपल्यालाही हे दुखणे परके नाही. हुकूमनामा मिळाल्यावरच भारतातील पक्षकाराच्या अडचणी सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच नोंदवले होते. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावले; तरीही गोव्यासह देशभरातील दिवाणी न्यायालयांत दरखास्ती रेंगाळतातच.

म्हणून तडजोडीची कसोटी एकच असावी : मूळ निकाल कोणत्या मुदतीत अमलात येणार आणि चुकल्यास जबाबदार कोण, हे तिच्यात लिहिले आहे काय? नसेल, तर ती भरपाई म्हणजे कायदा मोडण्याचे भाडे ठरते. आणि तेही नागरिकांच्याच करातून भरलेले.