डेमो चालला, पुढं काय?

गेल्या वर्षभरात कुठल्याही कॉलेजच्या हॅकेथॉनमध्ये डोकावला असाल, तर हा सीन तुम्ही नक्की पाहिला असेल. चार जणांची टीम, मध्ये एक लॅपटॉप, बाजूला गार झालेला वडापाव. रात्री साडेनऊला आयडिया ठरते, 'कॉलेज फेस्टच्या रजिस्ट्रेशनसाठी वेब ॲप'. पावणेअकरापर्यंत लॉगिन, फॉर्म, डॅशबोर्ड, डार्क मोड सगळं तयार! कोड लिहिलाय एआयनं, टीमनं फक्त काय हवं ते सांगितलंय. सकाळी परीक्षक येतात, डेमो बघून मान डोलावतात आणि सहज विचारतात, "वर्कशॉपची एकच सीट उरलीय आणि दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं, तर सीट कुणाला मिळणार?" चौघंही एकमेकांकडे बघतात. उत्तर तर सोडाच, ते कोडमध्ये नेमकं कुठं शोधायचं हेही कुणाला सांगता येत नाही.

परीक्षक खवट नव्हते. उद्या कॅम्पस इंटरव्ह्यूला समोर बसलेला माणूस हेच विचारणार आहे. आणि ते ॲप खरंच फेस्टला वापरलं, तर सीट न मिळालेला विद्यार्थी तावातावानं हेच विचारायला येणार आहे. म्हणून प्रश्न एआय वापरायचं की नाही हा नाहीच. तो निकाल केव्हाच लागलाय. स्टॅक ओव्हरफ्लोच्या 2025च्या सर्वेक्षणात 84 टक्के डेव्हलपर एआय वापरतात किंवा वापरणार आहेत असं दिसलं. पण त्याच सर्वेक्षणात 46 टक्के लोकांनी एआयच्या उत्तरांच्या अचूकतेवर आपला विश्वास नसल्याचंही सांगितलं. वापरतात सगळे, भरवसा मात्र निम्म्यांचा नाही. मग ही मंडळी काम कसं करतात? तर तपासून. आणि तपासायचं म्हणजे हाताशी हत्यारं हवीत. वेब डेव्हलपमेंटची सुरुवात करणाऱ्यांना आज शिकायचंय ते हेच.

'व्हाइब' कुठवर पुरतो?

फेब्रुवारी 2025मध्ये आंद्रे कार्पथी या एआय संशोधकानं 'व्हाइब कोडिंग' हा शब्द वापरला आणि वर्ष संपायच्या आत कॉलिन्स डिक्शनरीनं तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला. कोड वाचायचाच नाही, फक्त सांगत जायचं, एरर आली की तीच परत चिकटवायची, अशी ही पद्धत. गंमत म्हणजे वीकेंडला करून टाकून देण्याच्या प्रोजेक्टला हे ठीक आहे, असं खुद्द कार्पथीनंच तेव्हा लिहिलं होतं. तेवढं वाक्य मात्र सगळे सोयीस्करपणे विसरले.

त्याच वर्षी 'मीटर' या अमेरिकी संशोधन संस्थेनं एक प्रयोग केला. 16 अनुभवी डेव्हलपर, त्यांच्या स्वतःच्या ओळखीच्या प्रोजेक्टमधली 246 कामं. काही कामं एआय घेऊन, काही न घेता. एआयमुळे आपला वेळ 24 टक्के वाचेल असा त्यांचा आधीचा अंदाज. काम संपल्यावरही 20 टक्के वाचला असंच त्यांना वाटत होतं. घड्याळ मात्र सांगत होतं, वेळ 19 टक्के जास्त लागला! यावरून एआय कुचकामी आहे असं ठरवणं चूक ठरेल. माणसं थोडी होती, तीही मुरलेली, आणि त्यानंतर टूल्सही खूप बदललीत. पण आपल्याला काय वाटतंय आणि प्रत्यक्षात काय घडतंय, यातली तफावत अनुभवी माणसालाही कळत नाही, एवढं यातून नक्की दिसतं. मग सेकंड इयरला असलेल्या आपलं काय?

पहिलं हत्यार : मागे जाण्याची सोय

जुलै 2025मधला किस्सा. जेसन लेमकिन हे अमेरिकेतले उद्योजक रेप्लिटच्या एआय एजंटकडून ॲप बनवून घेत होते. आता काहीही बदलायचं नाही, असं बजावून सांगितलेलं असताना एजंटनं चालू डेटाबेसच पुसून टाकला. वर 'आता तो परत आणता येणार नाही' असंही सांगितलं. प्रत्यक्षात तो परत आणता आला. कंपनीच्या सीईओंनी जाहीर माफी मागितली आणि प्रयोगाचा डेटाबेस व चालू डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याची सोय आणली.

यातून घ्यायचे धडे दोन. एक, गिट. लिनस टोरवाल्ड्सनं 2005मध्ये बनवलेलं हे टूल आपण बहुतेकदा प्रोजेक्ट संपल्यावर गिटहबवर 'टाकण्यापुरतं' वापरतो. ते उलटं आहे. एआयला काही बदलायला सांगण्याआधी एक कमिट, बदल झाल्यावर 'गिट डिफ' लावून नेमक्या कुठल्या ओळी बदलल्या ते वाचायचं, पटलं तर पुढचं कमिट, नाही पटलं तर मागे. बटणाचा रंग बदलायला सांगितला आणि डिफमध्ये लॉगिनची फाइल दिसली, तर तिथेच थांबायचं. दुसरा धडा म्हणजे गिट कोड सांभाळतं, डेटाबेसमधला डेटा नाही. त्याचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो आणि तो परत चढवून पाहावा लागतो. आणि खऱ्या डेटाबेसचा पासवर्ड एजंटच्या हाती द्यायचाच नाही.

दुसरं : ब्राउझरमधलं नेटवर्क टॅब

एफ12 दाबलं की उघडणारी डेव्हटूल्स ही आपल्याकडची सगळ्यात दुर्लक्षित प्रयोगशाळा आहे, आणि तीही फुकट! बहुतेक जण कन्सोलमधली लाल ओळ कॉपी करून एआयला देतात. त्याऐवजी नेटवर्क टॅब उघडा आणि बटण दाबा. रिक्वेस्ट गेली का? कुठे गेली? उत्तराचा कोड काय आला? 404 असेल तर पत्ता चुकला. 401 असेल तर तुम्ही कोण हे सर्व्हरला कळलं नाही. 403 असेल तर कळलंय, पण परवानगी नाही. 500 असेल तर दोष सर्व्हरकडे, फ्रंटएंड कितीही उकरलं तरी काही मिळणार नाही. एवढं बघायला दोन मिनिटं लागतात आणि रात्रभराची झकापकी वाचते. शिवाय 'चालत नाहीये, दुरुस्त कर' यापेक्षा 'या पत्त्यावर पोस्ट रिक्वेस्ट जातेय, 401 येतंय, हेडरमध्ये टोकन दिसत नाहीये' असं सांगितलं, तर एआयही नेमकं उत्तर देतं. डॉक्टरला नुसतं 'बरं वाटत नाही' सांगण्यात आणि 'तीन दिवस ताप आहे, संध्याकाळी चढतो' सांगण्यात फरक असतोच ना?

तिसरं : किल्ल्या कुठे ठेवल्यात?

एपीआय की थेट कोडमध्ये लिहायची आणि रेपो पब्लिक करायची, हा आपल्याकडचा नेहमीचा अपघात. अशा किल्ल्या शोधत फिरणारे बॉट चोवीस तास गिटहबवर असतात. की लक्षात आल्यावर आपण ती ओळ पुसतो, नवीन कमिट करतो आणि सुटलो असं समजतो. पण गिट काहीच विसरत नाही, जुन्या कमिटमध्ये ती तशीच असते. खरा उपाय म्हणजे संबंधित सेवेच्या साइटवर जाऊन ती की रद्द करायची आणि नवी घ्यायची.

किल्ल्या 'डॉट ईएनव्ही' फाइलमध्ये ठेवायच्या आणि ती फाइल 'डॉट गिटइग्नोर'मध्ये लिहायची, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्यातही एक मेख आहे. फ्रंटएंडच्या कोडनं ती की वापरली, तर बिल्ड होताना ती जावास्क्रिप्टच्या फाइलमध्येच जाऊन बसते. ब्राउझरपर्यंत जे पोहोचतं ते सगळं वाचता येतं. म्हणून गुपित की सर्व्हरवरच राहायला हवी.

चौथं : उसनवारीचा हिशेब

आज साधी वेबसाइट बनवायची तरी एनपीएमवरून शेकडो पॅकेजेस येतात. आपण दोन-चार मागवतो, प्रत्येकजण आपले पाहुणे घेऊन येतो. मार्च 2016मध्ये एका डेव्हलपरनं वादातून आपली पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचं अवघ्या 11 ओळींचं पॅकेज होतं. त्यावर अवलंबून असलेली जगभरातली बिल्ड्स धडाधड पडली. सप्टेंबर 2025मध्ये प्रकरण आणखी गंभीर झालं. एनपीएमच्या नावानं आलेल्या बनावट ईमेलला एक अनुभवी डेव्हलपर फसला आणि 'चॉक', 'डीबग' अशा 18 पॅकेजेसमध्ये क्रिप्टो वॉलेट लुटणारा कोड घुसवला गेला. या पॅकेजेसची आठवड्याची एकत्रित डाउनलोड्स होती 200 कोटींहून जास्त. त्याच महिन्यात 'शाय-हुलूद' नावाचा, एका पॅकेजमधून दुसऱ्यात आपोआप पसरणारा वर्म आला. त्यानं 500हून जास्त पॅकेजेस बाधित केली.

इथे कामाला येते ती लॉकफाइल. 'पॅकेज-लॉक' ही फाइल म्हणजे आपण नेमकी कुठली आवृत्ती घेतली याची पावती. ती कमिट करायची, आणि सर्व्हरवर 'एनपीएम इन्स्टॉल'ऐवजी 'एनपीएम सीआय' चालवायचं, म्हणजे पावतीवर आहे तेवढंच येतं. पण म्हणून जुनंच कवटाळून बसलं तरी चालत नाही. डिसेंबर 2025मध्ये रिॲक्टच्या सर्व्हर कंपोनंट्समध्ये सापडलेल्या त्रुटीला धोक्याच्या मापावर 10 पैकी 10 गुण मिळाले. नेक्स्टजेएस वापरणाऱ्यांनाही तिचा फटका होता आणि लगेच अपडेट करणं हाच उपाय होता. मग धरायचं काय? दोन्ही. रोजच्या कामात आवृत्ती पक्की, आणि ठरावीक दिवशी 'एनपीएम ऑडिट' बघून, वाचून, जाणीवपूर्वक अपडेट. शिवाय एआय कधीकधी अस्तित्वातच नसलेलं पॅकेज सुचवतं, आणि त्याच नावानं कुणी खोडसाळ कोड आधीच टाकून ठेवलेला असू शकतो. नवीन नाव दिसलं की आधी त्याचं पान उघडून बघायचं.

पाचवं : दार सर्व्हरवर हवं

फेस्टच्या साइटवर सर्टिफिकेटची लिंक येते, शेवटी आकडा असतो 101. सहज 102 टाकून बघा. दुसऱ्याचं सर्टिफिकेट उघडलं, तर ही चूक किरकोळ समजू नका. वेब सुरक्षेच्या धोक्यांची यादी काढणाऱ्या ओवास्पच्या 2021च्या यादीत हाच प्रकार पहिल्या क्रमांकावर होता : लॉगिन तपासलं, पण 'ही गोष्ट याचीच आहे का' हे तपासलंच नाही. पानावरून बटण लपवलं म्हणजे दार बंद होत नाही. बटण न दाबताही रिक्वेस्ट पाठवता येते. तपासणी सर्व्हरवर, दर रिक्वेस्टला व्हायला हवी. आपल्या ॲपवर दोन खाती काढायची आणि एकातून दुसऱ्याचा आकडा टाकून बघायचा, ही परीक्षा कुणालाही जमते.

जुलै 2025मध्ये अमेरिकेतल्या 'टी' या स्त्रियांसाठीच्या ॲपमधून सुमारे 72 हजार फोटो फुटले. त्यातले 13 हजार सेल्फी आणि ओळखपत्रांचे होते. लगेच 'बघा, व्हाइब कोडिंगचा परिणाम!' अशी ओरड झाली. पण फुटलेला डेटा होता फेब्रुवारी 2024च्या आधी नोंदणी केलेल्यांचा, म्हणजे तो शब्द जन्माला येण्यापूर्वीचा. साठवणीची जागा माणसांनीच उघडी ठेवली होती. एआयच्या आधीही आपण हेच करत होतो. आता फक्त तेच जास्त वेगानं करता येतं.

आपल्याकडे 2023चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025मध्ये अधिसूचित झालेत आणि तो टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. डेटा नीट न सांभाळल्यास त्यात 250 कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. फेस्टची साइट बनवताना एवढं घाबरायचं कारण नाही. पण एक सवय आत्ताच लावून घेता येईल : लागतं तेवढंच मागायचं. डान्स स्पर्धेच्या नोंदणीला आधार कार्डाचा फोटो कशाला? जो डेटा आपल्याकडे नाहीच, तो फुटतही नाही.

आणि ती सीट?

आता परीक्षकांच्या प्रश्नाकडे येऊ. एआयनं लिहिलेला कोड उघडा. त्यात 'आधी उरलेल्या सीट मोज, एक असेल तर नाव घाल' अशी दोन पावलं असतील, तर दोघंही पहिलं पाऊल एकाच वेळी टाकू शकतात. दोघांनाही 'एक शिल्लक' दिसते आणि दोघांचीही नावं लागतात. उपाय सोपा आहे. मोजणं आणि कमी करणं डेटाबेसला एकाच आदेशात सांगायचं : 'शिल्लक शून्याहून जास्त असेल, तरच एक कमी कर.' एकाचा आदेश लागू होतो. दुसऱ्याला 'एकही ओळ बदलली नाही' असं उत्तर येतं, त्याला आपण 'हाउसफुल' दाखवायचं. सीट कमी करणं आणि नाव घालणं ही दोन्ही कामं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधायची, म्हणजे एक झालं आणि दुसरं राहिलं असं होत नाही.

हे तुम्ही एआयला विचारलंत तर तेही सांगेल, आणि छान सांगेल. पण विचारावं हे सुचायला हवं ना? सुचतं कुणाला? ज्यानं कधीतरी एक छोटं ॲप स्वतःच्या हातानं लिहिलंय, नेटवर्क टॅबमध्ये रिक्वेस्ट जाताना पाहिलीय, डेटाबेसमध्ये दोनदा पडलेली ओळ बघून डोक्याला हात लावलाय, त्याला. म्हणून या सुट्टीत एकच करा. एआयनं बनवून दिलेलं तुमचं एखादं प्रोजेक्ट उघडा, त्यातली एक फाइल निवडा आणि ती मित्राला ओळ न् ओळ समजावून सांगा. जिथे अडखळाल, तिथून तुमचा पुढचा अभ्यास सुरू होतो.